पालथा वीर

बाबा, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही. सून सासऱ्यावर चिडली यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही, पण तो गेल्यावरही? लोक येतात, तुमच्या फोटोपुढे हात जोडतात, 'सोनं झालं हो, कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही' म्हणतात, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळते. कसलं सोनं? तुम्हाला अजून तीन दिवस हवे होते. बुधवारच्या ऐवजी शनिवारी संध्याकाळी, परत येताना, माझ्या शेजारी गाडीत गेला असतात तरी मी तक्रार केली नसती.

काल शनिवार होता. मी जाऊन आले. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. पण ते सरळ सांगता येत नाहीये, कारण मध्ये आपलं भांडण आहे आणि ते अर्धवट राहिलं आहे.

आपल्या शनिवारांची सुरुवात तुम्हाला आठवते? माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तुमचं-माझं बोलणं 'मीठ देऊ का' आणि 'नको' यापलीकडे गेलेलं नव्हतं. मी यवतमाळची, चिडले की अजून 'काय करून राहिले' म्हणणारी. तुम्ही प्रत्येक वाक्य इस्त्री करून बाहेर काढणारे. काचबिंदूने तुमची नजर कडांनी खाल्ली, डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं आणि निखिलने, तुमच्या मुलाने, तुमच्याकडून किल्ली काढून घेतली. पुढच्याच शनिवारी सकाळी सहाला तुम्ही पाण्याचा कॅन आणि कापडी पिशवी घेऊन दारात बूट चढवत बसला होतात. एसटीने जातो म्हणालात. कुठे, ते सांगितलं नाहीत.

'मी सोडते,' मी म्हटलं.

'तुला सुट्टी आहे ना आज?'

'म्हणूनच म्हणतेय.'

'दीडशे किलोमीटर आहे.'

'जाऊन-येऊन?'

'जाऊन.'

मागे हटले असते तर तुम्ही जन्मभर ऐकवलं असतंत, म्हणून गेले. पुण्यातल्या आपल्या मांजरीतून सोलापूर रस्त्याला लागलो. उसाचा पट्टा संपला, आपण आत वळलो, आणि जमीन एकदम उघडी पडली. बाभळी, कुसळं, मेंढरांच्या पायांनी उडणारी धूळ आणि नको इतकं मोठं आभाळ. मला ते भकास वाटलं आणि मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, 'इथे पावसाची नोंद ठेवायला वही लागत नाही, चिठ्ठी पुरते.' तो तुम्ही माझ्याशी केलेला पहिला विनोद. मला तो विनोद आहे हे चौफुल्याला परत आल्यावर कळलं.

त्या दिवशी एका देवळामागच्या उकिरड्याजवळ तुम्ही मला पहिला वीरगळ दाखवलात. गावासाठी लढताना मेलेल्या माणसाचा दगड. मला तोवर हा शब्दही ठाऊक नव्हता. कॅनमधलं पाणी ओतून तुम्ही नारळाच्या काथ्याने तो हलकेच चोळलात आणि म्हणालात, 'हे खालून वर वाचायचं. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शंकरापुढे बसलाय, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर याचं नाव. आता डोळे मिट आणि हाताने वाच. डोळे सगळ्यांनाच शेवटपर्यंत पुरत नाहीत.' मी डोळे मिटले. बोटांना ढाल लागली, मग घोड्याचा पाय, मग एक लहानसा मनुष्य, आडवा. माझ्या अंगावर काटा आला. सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधत बसते. इतक्या वर्षांत कुठल्याही कामाने माझ्या अंगावर काटा आणला नव्हता.

मग महिन्यातले दोन शनिवार आपलेच झाले. सहा वर्षं. निखिल म्हणायचा, 'तुम्ही दोघं वेडे आहात,' आणि कूस बदलायचा. तुमचे नियम मी पाठ केले. साबण नाही. लोखंड दगडाला लावायचं नाही. शेंदूर खरवडायचा नाही, तो त्या गावाचा आहे. वहीत गावाचं नाव लिहायचं नाही, कारण वही चोराच्या हाती लागली तर दगड दिवाणखान्यात पोचतो. म्हणून मी इथेही गावाचं नाव लिहीत नाहीये, बघा. मी जरा वेगात निघाले की तुम्ही म्हणायचात, 'हळू चालव. ते आठशे वर्षं उभे आहेत, पळून नाही जाणार.' भाकरी-ठेचा खाऊन कुठल्यातरी ओट्यावर तुम्ही दहा मिनिटं डोळा लावायचात आणि मी तुमच्या काठीवर हनुवटी टेकून समोरचा रखरखीत माळ बघत बसायची. आयुष्यात तेवढं शांत मला कुठे वाटलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, 'शांत वाटणारच, नेटवर्क नव्हतं.'

पण माझं काम चुका शोधण्याचं आहे, बाबा. तुम्ही दर दगडापाशी आधी गुडघ्यावर बसायचात, सगळ्यात खालच्या कप्प्यावर बोटं फिरवायचात आणि तुमचा चेहरा पडायचा. मग उठून मला बाकीचं समजावून सांगायचात. मला आधी वाटलं गुडघे दुखतात. नंतर लक्षात आलं की तुम्ही काहीतरी शोधताय आणि ते सापडत नाहीये.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी एका एसटीच्या शेडमध्ये आपण शेंगा खात बसलो होतो. मी सरळ विचारलं. तुम्ही बराच वेळ शेंगांची टरफलं एकत्र करत राहिलात.

'मी एकाला पालथा घातलाय,' तुम्ही म्हणालात.

तुम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. कालव्याचं पाणी सुटायला आठ दिवस राहिलेले आणि शेतांना पाणी नेणाऱ्या टोकाच्या एका चारीवरची मोरी, म्हणजे बैलगाड्या पलीकडे जाव्यात म्हणून बांधलेला एवढासा पूल, वरची फरशी दुभंगून पडलेली. खाण लांब. आणि तिथेच बाभळीखाली हा आयता उभा. पाच फूट लांब, भरपूर जाड, कुठे तडा नाही. पाठ सपाट, पुढची बाजू कोरलेली. चाकाला सपाट बाजू लागते, म्हणून पाठ वर आणि कोरीव काम खाली पाण्याकडे, असा तुम्ही तो बसवलात. एक म्हातारी आडवी आली होती. म्हणाली, 'सायेब, ह्यो आमचा राखण्या हाय.' तुम्ही तिला म्हणालात, 'आजी, हा नुसता दगड आहे.'

'उचलताना मी त्याच्या खालच्या कप्प्यात तीन गाई पाहिल्या,' तुम्ही मला सांगितलंत. 'चोर गुरं घेऊन चालले होते आणि हा एकटा आडवा आला असणार. दोन गाई पुढे बघतायत. तिसरी मान वळवून मागे बघतेय, त्याच्याकडे. मनात आलं, पाथरवटाने हे काय सुरेख केलंय. आणि मी म्हटलं, चला, उचला.'

महिन्याभरात तुमची बदली झाली. तुम्ही तीन तालुक्यांत मोऱ्या बांधल्या होत्या. नोकरीभर तो दगड आठवला नाही आणि निवृत्तीनंतर पहिला वीरगळ पाहिलात तेव्हा आठवला. तोवर बाभळी गेल्या होत्या, उसामुळे ओळखीच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. गावात विचारायची लाज वाटायची. 'काय विचारू? तुमचा देव मी मोरीत घातला, तो कुठेय?' म्हणून तुम्ही उभे वीरगळ बघत फिरायचात, या आशेवर की कुणीतरी तुमच्यानंतर तो काढून पुन्हा उभा केला असेल.

मी तिथे, त्या शेडमध्ये, तुमच्यावर किती ओरडले! सहा वर्षं! सहा वर्षं मी अभ्यास समजून गाडी हाकली आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, 'सांगितलं असतं तर तू मला काय समजली असतीस?' मी म्हटलं, 'माणूस.'

मग परतीच्या वाटेवर आपलं ते भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, पालथा आहे म्हणजे सुरक्षित आहे. ऊन नाही, शेंदूर नाही, चोर नाही. उलट तुम्ही त्याला जपलंत. तुम्ही म्हणालात, 'लेव्हल घेताना मी घाई केली. फरशी चार बोटं खाली बसली. म्हणजे दर वेळी वाळूचं पाणी त्याला घासत गेलं असणार. घरातला पाटा कशाने झिजतो? मी त्याला दुसऱ्यांदा मारलाय.' मी म्हणत राहिले जपलंत, तुम्ही म्हणत राहिलात मारला. दर शनिवारी. वाखारी येईपर्यंत, मग हडपसरपर्यंत, मग जिन्यात.

पण त्यानंतर आपण नुसतं फिरणं सोडलं. तुम्ही आठवून आठवून चाऱ्यांचे नकाशे काढलेत, मी एकेक चारी खोडत गेले. आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारी आपल्याला आबा भेटले. जुने पाटकरी, चाऱ्यांना पाणी सोडणारे. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, हातात बारकी काठी. त्यांनी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

'तुमी हॅट घालायचा, सायेब,' ते म्हणाले. 'म्या होतो की तवा. ह्या खांद्यानं उचललाय त्यो दगूड. चला, दावतो.'

टोकाची चारी. आता पाणी वर्षातून दोनदा कसंबसं येणारी, गाळाने जवळजवळ काठोकाठ भरलेली. त्यावर ती मोरी, आणि मोरीवर ती फरशी, चाकांनी घोटून गुळगुळीत झालेली. शेजारी मोठमोठे काळे पाइप येऊन पडले होते. चारी बुजवून बंद पाइपातून पाणी नेणार होते. दोनतीन आठवड्यांत मशीन येईल, असं आबा म्हणाले. तुम्ही फरशीकडे बघत उभे होतात. मग विचारलंत, 'एक म्हातारी होती. तिने मला अडवलं होतं.'

'माझी चुलती,' आबा म्हणाले. 'तिनं कुठं सोडलं? दर अवसेला दिवा लावायची. ह्या फरशीवरच. गाडी आली की दिवा उचलायची, गाडी गेली की परत ठिवायची. मरस्तवर.'

तुम्ही खाली बसलात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही बाही वर केलीत आणि मोरीच्या तोंडातला गाळ हाताने उपसायला लागलात. तुम्हाला फक्त हात आत घालायचा होता. खालून, बोटांनी, त्या गाईला शोधायचं होतं. एवढंच हवं होतं तुम्हाला.

आणि मी तुमचा दंड धरून तुम्हाला मागे ओढलं.

'बाबा, लहान मुलासारखं करू नका. साप असेल आत.'

'असू दे.'

'पुढच्या शनिवारी येऊ. रीतसर अर्ज देऊन, माणसं घेऊन.'

'अनुराधा, फक्त हात घालतो.'

'पन्नास वर्षं थांबलात आणि आता आठ दिवस थांबवत नाही?'

हे मी म्हटलं. आबांच्या देखत, मोठ्याने म्हटलं. हे वाक्य मी या अठरा दिवसांत किती वेळा गिळायचा प्रयत्न केला. ते खाली जात नाही. तुम्ही हात झटकलेत, बाही खाली केलीत, बटण लावलंत. 'नाही थांबवत,' तुम्ही म्हणालात, 'पण ड्रायव्हर तू आहेस.'

परतीला तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मीही ताठ मानेने गाडी चालवत राहिले. हडपसरला सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालात, 'अर्ज मराठीत लिही. इंग्रजीत लिहिलास तर वाचायलाच महिना लावतील.' मला वाटलं, चला, राग गेला. गेला होता ना? तेवढं तरी सांगा.

सोमवारी मी ऑफिसात बसून अर्ज लिहिला. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही भिंग घेऊन, लाल पेनाने तो तपासलात. मी लिहिलं होतं, 'मोरीवर एक प्राचीन दगड पालथा पडलेला आहे.' तुम्ही 'दगड' खोडून 'वीर' केलंत. 'पडलेला' खोडून 'घातलेला' केलंत. म्हणालात, 'कुणी घातला ते लिही. माझं नाव लिही, हुद्दा लिही.' मी म्हटलं, अहो, अर्जात असं कोण लिहितं? तुम्ही स्वतःच समासात लिहिलंत आणि खाली सही केलीत. बुधवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते तेव्हा कामाच्या मावशींचा फोन आला, आजोबा उठत नाहीयेत म्हणून. अर्ज माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत होता.

पुढचे दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ते दिसलेच नाहीत. घर माणसांनी भरलेलं. सुतक. मी कुठे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. बाहेर पडायचं म्हटलं असतं तरी काय सांगणार होते, सासरे गेल्यावर चौथ्या दिवशी मला दीडशे किलोमीटरवरची मोरी बघायची आहे? निखिलला सांगून पाहिलं. तो रडत होता, म्हणाला, 'अनु, आत्ता दगड?' मी रोज सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी राहून आबांना फोन करायची. 'मशीन आलं का?' 'न्हाय आलं, ताई. सायेब कसं हायेत?' आणि मी म्हणायची, 'जरा बरं नाहीये त्यांना.' बाबा, मी त्यांना सांगितलंच नाही. मला ते वाक्य म्हणताच येत नव्हतं. घरात सगळे ते म्हणत होते, कागदांवर लिहीत होते, पण त्या माळावर तुम्ही अजून आजारीच होतात आणि मला तिथे तुम्हाला तसंच ठेवायचं होतं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. निखिल घाटावरून आला तो हलका होऊनच. सगळे म्हणाले, काही इच्छा मागे राहिली नव्हती. मला इतका संताप आला त्या कावळ्याचा! तुम्हीही कमालच केलीत. निदान अर्धा तास तरी त्याला बसवायचं होतं. कुणीतरी विचारलं तरी असतं, काय राहिलंय म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी आबांचा फोन आला. 'ताई, मशीन उद्या येतंय. मोरी काढणार हायेत.'

काल सकाळी सहाला निघाले. निखिल येतो म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी ये. तुमची कापडी पिशवी आणि पाण्याचा भरलेला कॅन डाव्या सीटवर ठेवला तर गाडी बोंबलायला लागली, पट्टा लावा म्हणून. मी पिशवीला पट्टा लावला. चौफुल्यापर्यंत नुसती वेगात जात होते आणि तुमचं 'हळू चालव' ऐकू येत होतं, आणि मी मोठ्याने, एकटी, गाडीत, म्हणत होते, 'नाही चालवणार हळू. तुमचं ऐकून हळू चालवूनच उशीर झालाय.' टोलवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं असेल. बघू दे.

पोचले तेव्हा मशीन चारीच्या वरच्या टोकाला पाइप उचलत होतं. मोरीला अजून हात लागला नव्हता. आबा फरशीवर बसून होते, कुणी येऊन उखडू नये म्हणून, उन्हात.

'सायेब न्हाय आलं?'

'नाही,' मी म्हटलं.

मी आधी ते केलं, जे तुम्हाला करू दिलं नाही. आबांच्या खोऱ्याने मोरीच्या तोंडातला गाळ ओढून काढला, पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. साप नव्हता, बाबा. तेव्हाही नसणार. बोटं वर दगडाला टेकवली, डोळे मिटले, आणि काही नव्हतं. ढाल नाही, घोडा नाही, माणूस नाही. सपाट. नुसता गुळगुळीत, ओलसर, थंड. मी हात जाईल तिथे फिरवला. नखं तुटली. मी त्या गाळात तोंड घालून रडले, कारण आपलं भांडण तुम्ही जिंकलं होतंत आणि ते जिंकायला तुम्ही नव्हतात.

मशीनवाला उतरून आला. बीडकडचा, पन्नाशीचा माणूस. 'मॅडम, बाजूला व्हा, मला हे संध्याकाळपर्यंत संपवायचंय.' मी म्हटलं, हा दगड सांभाळून काढा. तो म्हणाला, 'लेखी आहे का काही?' मी बॅगेतून अर्ज काढून दिला. त्यावर ना शिक्का, ना आवक क्रमांक, नुसती तुमची लाल शाई. त्याने तो उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचला. समासातलंही वाचलं.

'हे सही करणारे कोण?'

'माझे सासरे.'

'स्वतःच लिहिलंय, मी घातला म्हणून?'

'हो.'

त्याने कागद घडी करून परत दिला. 'साखळी लावू का पट्टा?'

'पट्टा,' मी म्हटलं. 'लोखंड लावायचं नाही.'

आम्ही गोणपाटं घातली, पट्टा ओवला, आबा काठीने इशारे करत होते, आणि तो माणूस असा सांभाळून उचलत होता की तुम्हाला त्याच्या कामात एक चूक सापडली नसती. दगड उठला, वळला, बांधावर उताणा आला. मध्यभाग सगळा पुसलेला. पाण्याने जिथे घासलं तिथे पाट्यासारखा झालाय. वीर गेला, बाबा. त्याची लढाई गेली, अप्सरा गेल्या, शंकरापुढे बसलेला तोही गेला. पण दोन्ही टोकं मोरीच्या भिंतींवर टेकलेली होती, चुन्यात बसलेली. तिथे पाणी पोचलं नव्हतं.

मी कॅन आणला. काथ्या पाण्यात बुडवला आणि घासायला बसले, तुम्ही शिकवलं तसं, हलकेच. वरच्या टोकाचा चुना सुटला तशी चंद्राची कोर आली आणि शेजारी सूर्य. मग खालच्या टोकाशी गेले. एक गाय आली. दुसरी आली. शिंगं, वशिंड, शेपटीचा गोंडासुद्धा, काल कोरल्यासारखं. मग तिसरी. मी डोळे मिटले आणि बोटाने तिची मान शोधली. मान मागे वळलेली आहे, बाबा. ती अजून बघतेय, आणि जिथे बघतेय तिथे आता कुणी नाही.

मशीनवाल्याने विचारलं, असाच ठेवायचा की उभा करायचा? आबा म्हणाले, उभाच, पहिल्यासारखा. बांधाच्या वर, पाइपाच्या खड्ड्यापासून लांब, त्याने फावड्याच्या दोन घासांत खड्डा केला. पट्ट्यात तोललेला दगड हवेत सावकाश फिरत होता.

'ताई, फोन लावा सायबास्नी,' आबा म्हणाले. 'इचारा, तोंड कुणीकडं करायचं. त्यांनी पालथा घातलाय, त्यांनीच सांगूदे.'

मी फोन काढला. तुमचं नाव अजून त्यात सगळ्यात वर आहे. दोघं माझ्याकडे बघत उभे होते आणि दगड फिरत होता. आणि मग ते वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं, सतरा दिवस जे घरात, घाटावर, फोटोसमोर नाही पडलं ते.

'बाबा गेले, आबा.'

आबांनी टोपी काढली. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. मग आबांनी टोपी पुन्हा घातली आणि काठी उचलून मी आले होते त्या रस्त्याकडे दाखवली.

'मग पुण्याकडं करा तोंड,' ते त्याला म्हणाले. 'सायेब तिकडनंच यायचं.'